इंटर्नचा डबा उघडत का नाही?

कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुपारी चारच्या सुमारास इंटर्नच्या ड्यूटी रूममध्ये डोकावलं, तर खुर्च्यांवर टाकलेले ॲप्रन, चार्जिंगला लावलेले फोन आणि न उघडलेले डबे दिसतात. मेसमधून सकाळीच भरून आणलेल्या पोळ्या कडेने वाळलेल्या असतात, भाजीवर तेलाचा थर आलेला असतो. त्याच मुलामुलींना रात्री साडेअकराला गेटबाहेरच्या गाडीवर पाहावं. बुर्जी-पाव, त्यावर वडापाव, शेवटी काहीतरी गोड. दिवसभर जेवले नाहीत म्हणून रात्री खातात, इतकं सरळ हे वाटतं. पण मग दुपारी चारला ती भूक कुठे होती? डबा समोर होता, दहा मिनिटंही मिळाली होती, तरी घास घ्यावासा वाटला नाही. असं का होतं?

याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण घरचे, सीनियर आणि पुष्कळदा ती मुलं स्वतःसुद्धा याला बेशिस्त म्हणून मोकळी होतात. इंटर्न कधी आणि काय खाणार, हे त्याच्या निग्रहावर फार थोडं अवलंबून असतं. त्याच्या दिवसाचे तास कोणाच्या हातात आहेत, यावर ते कितीतरी जास्त ठरतं.

आधी त्याची जागा पाहू. एमबीबीएसची साडेचार वर्षं संपली की १२ महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप असते. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग, कॅज्युअल्टी असं एकेक पोस्टिंग करत फिरायचं. इंटर्न डॉक्टर झालेला असतो आणि नसतोही. निर्णय रेसिडेंट घेतो, रेसिडेंटच्या वर लेक्चरर, त्याच्या वर युनिटचे प्रमुख. इंटर्नच्या वाट्याला येतं ते रक्त काढणं, सॅम्पल लॅबला पोहोचवणं, ब्लड बँकेतून पिशवी आणणं, ड्रेसिंग, कॅथेटर, रिपोर्टांचा पाठपुरावा, डिस्चार्ज कार्डं लिहिणं. यातलं एकही काम फार अवघड नाही, पण प्रत्येक काम दुसऱ्याने सांगितलेलं आणि आत्ता हवं असलेलं. शिवाय वर्ष संपताना नीट-पीजी उभी असते, म्हणजे ड्यूटी संपली तरी अभ्यास आहेच.

रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं एक प्रारूप मांडलं. त्याच्या मते माणसाला सगळ्यात जास्त ताण नुसत्या कामाच्या ढिगाने येत नाही; काम भरपूर आणि ते कसं, केव्हा करायचं यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, अशा नोकरीत येतो. प्राध्यापकही दिवसभर राबतात, पण आपण जेवायला कधी जायचं ते त्यांचं ते ठरवतात. इंटर्नला तेही ठरवता येत नाही. जेवायला बसावं आणि फोन वाजावा, हे दोन-चार दिवस झालं की तो बसायचंच सोडून देतो.

आता सर्जरीच्या इमर्जन्सीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणू. सकाळी सातला वॉर्डात कलेक्शन सुरू होतं. इंटर्न मुलगी हॉस्टेलवरून चहा आणि दोन बिस्किटांवर निघालेली आहे. सहाव्या खाटेवरच्या आजोबांची शीर सापडत नाही. एकदा टोचलं, हाताला लागली नाही, दुसऱ्यांदा टोचताना शेजारी उभा असलेला मुलगा विचारतो, "मॅडम, येतं ना तुम्हाला?" तिकडे राउंडला सर यायची वेळ झालेली, आणि कालचे रिपोर्ट अजून फाइलला लागलेले नाहीत.

याच क्षणी तिच्या शरीरात काय चाललंय? मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसने धोक्याची नोंद घेतली आहे. काही सेकंदांत अनुकंपी मज्जासंस्थेमार्फत संदेश मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना जातो आणि ॲड्रेनालिन रक्तात येतं. हृदयाचे ठोके वाढतात, जठर आणि आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळतं. यकृत आपल्या साठ्यातल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडतं. ती बिस्किटं पचलेली असोत नसोत, रक्तात साखर आहे, त्यामुळे आत्ता खाण्याची निकड शरीराला वाटत नाही. शिवाय हायपोथॅलॅमसमधून सुटणारं सीआरएच नावाचं संप्रेरक भूक थेट दाबतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं, आणि मोठ्या आतड्याच्या हालचालीचा मात्र वाढवतं. तोंडी परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि शौचालयाच्या फेऱ्या होतात, त्या दोन्हींचं मूळ इथे आहे. वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं प्राण्यांत पाहिलं. घाबरलेल्या मांजराच्या जठराची हालचाल थांबते, हे त्याला क्ष-किरणांखाली प्रत्यक्ष दिसलं होतं.

त्याच कॅननचा आणखी एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. १९१२ मध्ये त्याचा विद्यार्थी वॉशबर्न याने नळीला जोडलेला रबरी फुगा गिळला आणि जठराच्या आकुंचनांचा आलेख काढू दिला. पोटात भुकेची कळ आली की जठर आवळलेलं असायचं, सुटलं की कळ जायची. भूक सलग चढत राहत नाही, लाटांनी येते, हे त्या आलेखाने दाखवलं. आज आपल्याला त्यामागचं संप्रेरकही माहीत आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारं घ्रेलिन शोधून काढलं. रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात वाढतं, आणि विशेष म्हणजे त्या वेळी जेवलो नाही तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. भूक मरते असं आपण म्हणतो ते अगदी खरं आहे. एक वाजता इंटर्नला भूक लागली होती, तेव्हा ती ओटीबाहेर बायोप्सीचा फॉर्म भरत उभी होती. चारला डबा समोर आला तेव्हा लाट ओसरलेली होती, भाजी गार होती, आणि वर गेल्या दोन तासांत दोन वेळा चहा झालेला होता.

त्या चहाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. रुग्णालयात चहा हे पेय कमी आणि सुट्टी जास्त असतं. जेवायला जाते म्हटलं तर "आत्ता?" असा प्रश्न येतो, कटिंग मारून येते म्हटलं तर कोणी अडवत नाही, उलट सीनियरच बरोबर येतात. म्हणून दिवसातली हक्काची विश्रांती चहाच्या रूपाने मिळते. चहातलं कॅफिन मेंदूत थकवा मोजणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवतं, साखर तात्पुरती उभारी देते आणि भूक आणखी तासभर पुढे ढकलली जाते. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी नऊला, नाइट संपवून झोपायला गेल्यावरही निम्मा अंगात असतो.

मुलींच्या बाबतीत चहाचा आणखी एक तोटा आहे, आणि त्याकडे मला फार गांभीर्याने लक्ष वेधायचं आहे. चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. डॉक्टर मुली या आकड्याबाहेर आहेत असं समजायचं कारण नाही. प्रसूती विभागात ज्या इंटर्न दिवसभर गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या "चहाबरोबर घेऊ नका" असं बजावतात, त्याच पोळीभाजीवर चहा घेऊन दुसऱ्या मजल्यावर पळतात. पाण्याचंही तेच. इंटर्नसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मजल्यावर नसेल, तर मुली ड्यूटीवर पाणीच कमी पितात. मग संध्याकाळी डोकं दुखतं. ते भुकेमुळे की तहानेमुळे, हे त्यांनाही कळत नाही, आणि उपाय म्हणून पुन्हा चहा येतो.

सकाळच्या ॲड्रेनालिनमागून दुसरी, संथ लाट येते. सीआरएचमुळे पीयूषिका ग्रंथी जागी होते, ती अधिवृक्क ग्रंथींना पुन्हा हाक देते, आणि कॉर्टिसॉल वाढतं. ॲड्रेनालिन काही मिनिटांत ओसरतं; कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं आणि बराच वेळ टिकतं. त्याचं काम खर्च झालेला साठा भरून काढायचं. म्हणून ते भूक उघडतं, आणि ही भूक पालक-वरणाची नसते. गोड, तेलकट, मऊ, चटकन गिळता येणारं काहीतरी हवं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये यावर एक मांडणी केली. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांना साखर आणि चरबी खायला मिळाली, की त्यांच्या मेंदूतली ताणाची यंत्रणा काही अंशी शांत होते. म्हणजे गुलाबजाम खाऊन बरं वाटतं हा नुसता समज नाही, त्यात शरीरशास्त्र आहे. फक्त हे बरं वाटणं थोडा वेळ टिकतं, आणि कॉर्टिसॉल व इन्शुलिन दोन्ही चढलेले असताना खाल्लेली चरबी पोटाभोवती साठण्याकडे झुकते.

सगळ्यांचं सारखंच होतं असं नाही. ताण आला की कोणी जास्त खातो, कोणी अन्नच टाकतो. इंटर्नशिपमध्ये कोणाची पँट सैल होते, कोणाची बटणं लागत नाहीत. पण एक गोष्ट दोन्ही गटांत समान असते. लंडनमध्ये ऑलिव्हर आणि वॉर्डल यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं होतं. ताणात एकूण खाणं वाढो वा घटो, चिवडा-बिस्किट-चॉकलेट अशा मधल्या खाण्याचा वाटा वाढतो आणि फळं, भाज्या, पूर्ण जेवण मागे पडतं. आपल्या रुग्णालयांत तर त्याला परिसरही मदत करतो. रात्री एकला मेस बंद, कँटीन बंद. उघडं काय असतं? टपरी, मॅगी, बुर्जी, बिस्किटांचे पुडे. प्रसूती विभागात तर नातेवाईक पेढे किंवा बर्फी घेऊन येतात आणि डॉक्टरांनी तोंड गोड केल्याशिवाय हलत नाहीत. ज्या मुलीने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तिचं दुपारचं जेवण चार पेढ्यांवर होतं. गुरुवार किंवा चतुर्थी करणाऱ्यांची आणखी पंचाईत: साबुदाण्याची खिचडी पोट भरते, पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याचं कूट सढळ असेल तेवढीच काय ती प्रथिनं.

या सगळ्यात रात्र मिसळली की हिशेब आणखी बिघडतो. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री त्यांना फक्त चार-चार तास झोपू दिलं, मग दहा-दहा तास झोपू दिलं, आणि दोन्ही वेळचं रक्त तपासलं. कमी झोपेनंतर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं होतं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्यांना जाणवणारी भूक २४ टक्क्यांनी. दोनच रात्रींत हा फरक, आणि तोही आरामात प्रयोगशाळेत बसलेल्या मुलांमध्ये. पुढे २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी रात्रभर जागलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. पारखून निवड करणारा कपाळामागचा भाग मंद झालेला दिसला, आणि हव्यासाशी संबंधित भाग खाण्याची चित्रं पाहून जास्त पेटलेला. पोस्ट-नाइट सकाळी "आज फक्त पोहे" असं ठरवून कँटीनला गेलेला मुलगा पोहे, वडा-सांबार आणि वर शिरा घेऊन बसतो, तेव्हा ठरवलेलं पाळणारा मेंदूचा भागच दमलेला असतो.

खाण्याच्या वेळेचंही तसंच आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची घड्याळं जेवणाच्या वेळेकडेही पाहतात. मध्यरात्री भरपेट जेवलं की ही घड्याळं एकमेकांपासून सुटतात. हार्वर्डशी संलग्न ब्रिगहॅम रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९ तरुणांना प्रयोगशाळेत नाइट ड्यूटीसारखं जागवलं. ज्यांना रात्रीही जेवण दिलं त्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना दिवसाच जेवण दिलं त्यांची वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं.

आणि मग ॲसिडिटी. दिवसभर रिकामं पोट, त्यावर चहा, रात्री बाराला तेलकट भरगच्च जेवण आणि लगेच ड्यूटी रूमच्या बाकावर आडवं होणं. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणार नाही तर काय होईल? हातातच औषधं असल्यामुळे इंटर्न पॅन्टोप्राझोल घेतो आणि पुढच्या रात्री तसंच जेवतो. घाईचाही त्यात वाटा आहे. पोट भरल्याचा आतड्याकडून निघालेला निरोप मेंदूत उमटायला साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. फोन वाजायच्या आत जेवण उरकायची सवय लागलेला माणूस सहा मिनिटांत ताट संपवतो. निरोप पोहोचेपर्यंत जास्तीचं पोटात गेलेलं असतं.

ही सगळी मुलं मुळातच बेशिस्त नाहीत, याचा पुरावा त्याच वर्षात मिळतो. इंटर्नशिपमध्ये १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. मुलं प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात. सकाळी ओपीडी, मग लसीकरण किंवा गृहभेटी. दीड-दोन वाजता कामाला ओहोटी लागते आणि सिस्टर म्हणतात, "चला डॉक्टर, जेवून घेऊ." डबा तोच, पोळ्या तशाच, भाजीही बहुतेक मेसचीच. पण डबा रिकामा होतो. त्यांच्या स्वभावात काही फरक पडलेला नसतो, फक्त दुपारचा अर्धा तास कोणीतरी त्यांच्या नावाने राखून ठेवलेला असतो.

म्हणून उपायांची यादी मी इंटर्नच्या डब्यापासून सुरू करणार नाही, युनिटच्या ड्यूटी चार्टपासून करेन. ज्या चार्टवर कोणी कोणता वॉर्ड पाहायचा हे लिहिलेलं असतं, त्यावर जेवणाची वेळ आणि त्या वेळात फोन कोणी घ्यायचा, हेही लिहावं. दोघा इंटर्नांनी एकमेकांना वीस मिनिटांचा हँडओव्हर द्यायचा: माझ्या या दोन पेशंटचे रिपोर्ट यायचेत, ही पिशवी चालू आहे, आता तू पाहा. रेसिडेंटने एकदाच सगळ्यांसमोर "आधी जेवून ये" म्हटलं, तर ते मागण्याची लाज संपते. हे लाड नव्हेत. उपाशीपोटी, अर्धवट झोपलेल्या डोळ्यांनी रक्ताच्या पिशवीवरचा गट वाचायचा असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये रेसिडेंटांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली होती. इंटर्नचे तास रेसिडेंटच्या तासांना बांधलेले असतात, त्यामुळे वरचं सैल झाल्याशिवाय खालचं होणार नाही.

तोवर इंटर्नला स्वतःच्या हातात ठेवता येण्यासारखं थोडं आहे. सकाळी भूक नसली तरी सातच्या आधी काहीतरी भरीव पोटात जावं: दोन उकडलेली अंडी, किंवा शेंगदाणे घातलेले पोहे आणि वर लिंबू, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. भुकेची वाट पाहू नये. ताणाच्या दिवशी ती वेळेवर येतच नाही, घड्याळ पाहूनच खावं. ॲप्रनच्या खिशात बिस्किटांऐवजी चणे-शेंगदाणे, नाहीतर राजगिऱ्याची चिक्की. नाइट असेल तर मुख्य जेवण ड्यूटीवर जाण्याआधी, रात्री मधे हलकं काही, आणि सकाळी झोपण्यापूर्वी थोडा नाश्ता. जेवणानंतर तासभर चहा नको, रात्री तीननंतर तर नकोच. पाण्याची बाटली स्वतःच्या नावाची आणि समोर ठेवलेली.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर चार्ट आणि चिक्कीवर थांबू नये. पोस्टिंग संपून, झोप पूर्ण होऊनही आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल; प्रयत्न न करता वजन उतरत किंवा चढत असेल; एकट्याने भराभर खाऊन नंतर अपराधी वाटत असेल, उलटी काढावीशी वाटत असेल; खाण्याबरोबर कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य किंवा खाण्याचा विकार असू शकतो. डॉक्टर मुलं ही लक्षणं परीक्षेत बिनचूक लिहितात आणि स्वतःच्या बाबतीत "पोस्टिंग जड आहे" म्हणून सोडून देतात. आपल्याच महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटतो, हेही समजण्यासारखं आहे. तिथे केसपेपर काढणारा वर्गमित्रच असतो. अशा वेळी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं, आणि फोन नाइट ड्यूटीच्या मधल्या वेळेत, जिन्यात उभं राहूनही करता येतो.